आमच्या उपासनागीतांचा डावा हात

उपासनागीतांविषयी आमच्या नियतकालिकांतून जे लिहिले जाते ते बहुतांशी शब्दांविषयी असते. भाषांतर सरस की ओढूनताणून केलेले, वृत्त सांभाळले आहे की मोडले आहे, याची चर्चा होते. चालीविषयी एखादे वाक्य येते आणि लेख संपतो. चालीच्या खाली जे वाजते, किंवा वाजायला हवे असूनही वाजत नाही, तिकडे समीक्षकाची दृष्टी सहसा वळत नाही. ती तिकडे वळवावी, एवढ्यासाठी हा लेख. विषय आहे तळाच्या स्वरांचा, ज्यांना पाश्चात्य संगीतात बास म्हणतात. मराठीत या शब्दाचा अर्थ 'पुरे' असा होतो, आणि आमच्या बहुतेक चर्चमधील बासची अवस्था पाहता मराठी अर्थच खरा मानावा लागतो.

या अवस्थेला वादकांचा आळस कारण नाही, वाद्याची घडण कारण आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून हार्मोनियम आली ती पायाने भाता चालवण्याची. तिला आपण पायपेटी म्हणतो. तिच्यावर दोन्ही हात मोकळे राहत. पुढे आपल्याकडे मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी घडवली गेली आणि भाता डाव्या हाताकडे आला. भजनाला, कीर्तनाला, ख्यालाच्या साथीला हे वाद्य उत्तम ठरले, कारण तेथे उजव्या हाताची सुरावट आणि खालचा षड्ज एवढे पुरते. परंतु उपासनेत आपण जी पाश्चात्य वळणाची गीते गातो, ती चार आवाजांच्या रचनेतून आलेली आहेत. हातपेटीवर त्यांतील वरचा एकच आवाज उरतो. आमच्या दोन-तीन पिढ्यांनी ही गीते तळाशिवाय ऐकली, आणि ती तशीच असतात असे मानले.

नंतर इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले आणि डावा हात मोकळा झाला. झाले काय, तर तो हात यंत्राच्या स्वाधीन झाला. वादक डाव्या हाताने कॉर्ड दाबतो, यंत्र ढोल आणि बास आपोआप पुरवते. या सोयीतील एक दोष आम्हांला फार बोचतो. वादकाने सा-ग-प हा कॉर्ड ग सर्वांत खाली ठेवून दाबला, तरी नेहमीच्या पद्धतीत यंत्र तो ओळखून बासला सा हाच मूळ स्वर वाजवते. खालचा स्वरच बासला धरावा अशी वेगळी सोय काही कीबोर्डांत असते. ती शोधून वापरणारा वादक आम्हांला क्वचितच भेटला. म्हणजे मुलाने विचार केला तरी यंत्र तो पुसून टाकते.

येथे इन्व्हर्जन म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. कॉर्डचे स्वर तेच ठेवून मूळ स्वराऐवजी दुसरा स्वर तळाशी आणणे, इतकाच त्याचा अर्थ. सा-ग-प मध्ये ग खाली आला की पहिले इन्व्हर्जन, प खाली आला की दुसरे. बास-स्वरावर सहाचा, किंवा सहा आणि चारचा आकडा घालून ही स्थिती दाखवण्याची रीत युरोपातील चर्चच्या ऑर्गनवादकांत फार जुनी आहे. पण हे सर्व एकाच कॉर्डचे अवतार होत, हे शास्त्र म्हणून फ्रेंच संगीतकार रामो यांनी १७२२ च्या आपल्या ग्रंथात मांडले.

याचा उपयोग काय, ते पेटीवरच पाहावे. पांढरी एक मधील गीत घेतले आणि सा, प, ध, म या स्वरांवरचे चार कॉर्ड मूळ स्थितीत वाजवले, तर बास सा वरून प वर, प वरून ध वर, तेथून म वर असा उड्या मारत राहतो. ओढा ओलांडताना दगडांवरून उड्या माराव्यात तसा. आता तेच चार कॉर्ड, एकही नवा न शिकता, असे लावावेत: पहिला मूळ स्थितीत, बास सा, मग प-नी-रे, पण तळाशी नी, मग ध-सा-ग, तळाशी ध, पुन्हा सा-ग-प, तळाशी प, मग म-ध-सा, तळाशी म, सा-ग-प, तळाशी ग, प-नी-रे, तळाशी रे, आणि शेवटी सा. बास सा नी ध प म ग रे सा असा एकेक पायरी उतरून घरी येतो. कॉर्ड जुनेच, पण तळाला आता स्वतःची चाल आहे आणि ती गुणगुणता येते. बास चांगला की वाईट याची आमची कसोटी हीच: तो एकटा गाऊन पाहावा.

बाख यांच्या तिसऱ्या वाद्यवृंद-सूटमधील 'एअर' आमच्या वाचकांनी विवाहविधीत अनेकदा ऐकली असेल. वरचे व्हायोलिन दीर्घ स्वरांवर रेंगाळते, म्हणून सर्वांचे लक्ष तिकडे जाते. एकदा ती फक्त बाससाठी ऐकावी. सा, नी, ध, प, म असा तो उतरतो, प्रत्येक स्वर दोन सप्तकांत एकेकदा वाजवतो, मग तीव्र मध्यमावरून पंचमाकडे वळतो. आणि हे सारे एका न थांबणाऱ्या चालीत. वरचा स्वर निर्धास्तपणे थांबू शकतो, कारण खाली कोणीतरी चालत आहे. आमच्या मते या रचनेचे अर्धे सौंदर्य त्या चालण्यात आहे.

चार मात्रांच्या आवर्तनात दर मात्रेला एक स्वर टाकीत जाणाऱ्या या बासला जाझमध्ये वॉकिंग बास म्हणतात. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात वॉल्टर पेज यांनी १९३० च्या दशकात त्याला जे रूप दिले ते पुढे सर्वत्र गेले. त्याच दशकात, १९३५ साली, लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि मुंबईतील गोवेकर वादकांनी ते संगीत जवळून ऐकले. हे वादक घडले होते ते गोव्याच्या चर्चशी जोडलेल्या गायनशाळांत. तेथील मेस्त मुलांना सोलफेज आणि व्हायोलिन शिकवीत, नोटेशन वाचायला लावीत, मिस्सात गायला उभे करीत. त्या शिदोरीवर चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांसारखे वादक आणि संयोजक हिंदी चित्रपटसंगीतात गेले. पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) मागे चिक चॉकलेट यांचा हात होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? चाल संगीतकाराची; पण तिच्याखालच्या स्वरांची बांधणी पुष्कळदा या माणसांची, आणि त्यांची नावे पडद्यावर फारशी आली नाहीत. ज्या शिक्षणाने चित्रपटाला तळ दिला, ते चर्चचेच होते. आज चर्चमधील मुलगा बास शिकतो तो चित्रपटगीत ऐकून, तोही यंत्राने वाजवलेला. हा प्रवास उलटा झाला आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: मराठी गीताला हे परके ओझे कशाला? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्थानिक संगीतपरंपरेला मानाचे स्थान दिले आहे, आणि ते योग्यच आहे. भीमपलासातील भजनाखाली कॉर्ड चालवणे आम्हांलाही खपत नाही. तेथे षड्ज-पंचम धरावा आणि गप्प बसावे. आमची तक्रार आहे ती पाश्चात्य वळणाचे गीत घ्यायचे आणि त्याचा तळ मात्र टाकून द्यायचा, या अर्धवटपणाविषयी. १९६७ च्या 'मुसिकाम साक्राम' या निर्देशपत्रात वाद्यांनी आवाजांना आधार द्यावा, त्यांना झाकू नये, असे सांगितले आहे. आपोआप वाजणारा ढोल झाकतो. चालणारा बास आधार देतो.

आमच्या बीड जिल्ह्यात हा आधाराचा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, असाच येथे हिशेब असतो. त्यामुळे गायनवृंदातील धडधाकट पुरुष आणि स्त्रिया दोन्ही जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. आगमनकाळ, नाताळ, पुष्कळदा उपवासकाळही त्यांच्याविना जातो. मागे उरतात शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे. मुलांचे आवाज उंच, म्हाताऱ्यांचे थकलेले. आणि खाली कोणीही नाही. अशा वेळी मुले दुसऱ्या कडव्यापर्यंत सूर चढवतात किंवा उतरवतात, यात त्यांचा दोष नाही. गेलेल्या पुरुषांचा आवाज काही प्रमाणात तरी पुरवू शकेल असे एकच साधन तेथे आहे, ते म्हणजे कीबोर्डवाल्या मुलाचा डावा हात.

तो हात तयार करणे अवघड नाही, पण घाई चालत नाही. यंत्राची आपोआप साथ आधी बंद करावी. महिनाभर डाव्या हाताने फक्त एकेक स्वर वाजवावा, कॉर्ड उजव्या हाताकडे द्यावा. पहिल्या मात्रेला मूळ स्वर किंवा पहिले इन्व्हर्जन ठेवावे. दुसरे इन्व्हर्जन डळमळीत असते, त्यावरून पुढे जावे, त्यावर बसू नये. चौथी मात्रा पुढच्या कॉर्डच्या उंबरठ्यावर, म्हणजे येणाऱ्या बास-स्वराच्या शेजारच्या स्वरावर पडावी. कॉर्ड दोन आवर्तने बदलत नसेल तर सा, ग, प, ग असे त्याचेच स्वर फिरवावेत. आणि वाजवताना मुलाने बास तोंडाने म्हणावा. हे शेवटचे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि मुले नेमके तेच टाळतात.

सर्वच गीते चालवायची नसतात. ग्रूबर यांची १८१८ ची 'सायलेंट नाइट', जी आपण मराठीत दर नाताळाला गातो, ती गिटारच्या साथीने प्रथम गायली गेली. तिच्यात एकेक कॉर्ड दीर्घकाळ थांबतो आणि बासही थांबतो. तेथे चालता बास घालणे म्हणजे झोपलेल्या बाळाच्या खोलीत येरझारा घालणे होय. असे एक वादन आम्ही ऐकले आहे. याउलट अठराव्या शतकात जॉन फ्रान्सिस वेड या कॅथलिक प्रापंचिकाच्या हस्तलिखितांतून आलेले 'आदेस्ते फिदेलेस' हे चालणाऱ्यांचेच गीत आहे. त्याच्या ध्रुवपदात तेच आवाहन तीनदा येते. पहिल्यांदा मुलांनी बासशिवाय गावे. दुसऱ्यांदा डाव्या हाताने एकेक स्वर लांब धरावा. तिसऱ्यांदा तो चालू लागावा, दर मात्रेला एक पाऊल, आणि म्हाताऱ्यांनी जमेल तितक्या खालच्या आवाजात त्याच्याबरोबर जावे.