प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष संरक्षण : जागतिक आरोग्य संघटनेच्या जैवसुरक्षा हस्तपुस्तिकेची समीक्षा

प्रस्तावना :
जागतिक आरोग्य संघटनेची प्रयोगशाळा जैवसुरक्षा हस्तपुस्तिका १९८३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. १९९३, २००४ व २०२० मध्ये तिच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. प्रस्तुत लेखात जैवसुरक्षा कॅबिनेटची चाचणी व प्रमाणन या अंगाने तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीचा विचार केला आहे.

विवेचन :
द्वितीय वर्गाच्या कॅबिनेटकडून कर्मचारी, नमुना व परिसर या तिघांचे रक्षण अपेक्षित असते. समोरून आत ओढली जाणारी हवा कर्मचाऱ्याला, वरून उतरणारी गाळलेली हवा नमुन्याला आणि बाहेर जाणाऱ्या हवेवरील हेपा फिल्टर परिसराला सुरक्षित ठेवतो. लॅमिनार फ्लो यंत्राला जैवसुरक्षा कॅबिनेट समजू नये, असे तिसरी आवृत्ती स्पष्टपणे बजावते. आडव्या प्रवाहाचे असे यंत्र नमुना जपते, परंतु हवा कर्मचाऱ्याच्याच अंगावर सोडते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दृष्टीने ही सूचना मोलाची आहे.

हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. तथापि ही क्षमता फिल्टरच्या कागदाची आहे. चौकटीच्या फटीतून गळती असल्यास तिचा उपयोग नाही. ए-२ प्रकारात आत येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला सुमारे ०.५१ मीटर असतो. माणूस चालताना निर्माण होणारी हवेची हालचालही याहून प्रबळ ठरू शकते. त्यामुळे दार, पंखा वा वातानुकूलन यंत्राजवळ ठेवलेले निर्दोष कॅबिनेटही निकामी ठरते. म्हणूनच कारखान्यातील चाचणी पुरेशी नसून बसविल्यावर, हलविल्यावर, फिल्टर बदलल्यावर व दरवर्षी जागेवर चाचणी आवश्यक असते.

तिसरी आवृत्ती फिल्टरची गळती, हवेचा वेग, धुराच्या साहाय्याने प्रवाहाची दिशा, धोकासूचक यंत्रणा इत्यादी चाचण्या नोंदवते आणि त्या पात्र तज्ज्ञाकडून करून घेण्यास सांगते. येथेच तिची मर्यादा जाणवते. तज्ज्ञ कोणी पात्र ठरवायचा आणि अहवालात प्रयोगशाळेने काय पाहायचे, याची पुरेशी उकल ती करत नाही. विक्रेत्याचाच अभियंता चाचणी करणार असेल, तर हितसंबंधांचा प्रश्न उरतोच.

चौथी आवृत्ती पातळ्यांच्या चौकटीऐवजी जोखमीच्या मूल्यमापनावर भर देते. कॅबिनेट येथे सरसकट अनिवार्य नसून वाढीव नियंत्रणाच्या उपायांत मोडते. त्यासाठी स्वतंत्र पुस्तिकाही आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. क्षयरोग प्रयोगशाळांसाठी संघटनेने २०१२ मध्ये काढलेल्या पुस्तिकेनेही थुंकीच्या थेट सूक्ष्मदर्शक तपासणीस, वायुवीजन योग्य असल्यास, कॅबिनेट आवश्यक मानलेले नाही. जिवाणूंच्या संवर्धनात मात्र धोका मोठा असतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असल्याने हा भेद येथील तंत्रज्ञांच्या आरोग्याशी निगडित आहे. परंतु लवचीकतेचा अर्थ चाचणीतून सवलत असा लावला गेल्यास मूळ हेतूच हरवेल.

निष्कर्ष :
प्रमाणपत्र म्हणजे एका दिवशी, एका जागी घेतलेल्या मोजमापांची नोंद होय. ते पुढील वर्षभराची हमी नव्हे. दोन्ही आवृत्त्यांनी यंत्राचे शास्त्र नेमके मांडले आहे. उणीव आहे ती चाचणी करणाऱ्या मनुष्यबळाच्या आणि खर्चाच्या विचाराची. कॅबिनेट खरेदी करतानाच वार्षिक चाचणीची तरतूद करणे आणि कर्मचाऱ्यांना अहवालातील आकडे वाचण्यास शिकविणे, या दोन गोष्टींवाचून हस्तपुस्तिकेचा उपदेश कागदावरच राहील.