टाळूच्या शस्त्रक्रियेचे योग्य वय : ‘टॉप्स’ चाचणीचा टीकात्मक परामर्श

प्रस्तावना

जन्मतः दुभंगलेल्या टाळूवर शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी, हा शल्यविज्ञानातील जुना वाद आहे. बोलताना टाळूचा मागील मृदू भाग वर उचलला जाऊन नाकाकडील वाट बंद झाली नाही, तर ‘प’, ‘ट’, ‘क’ यांसारख्या वर्णांसाठी आवश्यक असलेला हवेचा दाब तोंडात निर्माण होत नाही. त्यामुळे वाचेच्या दृष्टीने शस्त्रक्रिया लवकर व्हावी, असे एक मत आहे. याउलट, लवकर केलेल्या शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे वरच्या जबड्याची वाढ खुंटू शकते आणि अर्भकास भूल देणे जोखमीचे असते, म्हणून थांबावे, असे दुसरे मत आहे. या वादाचा निर्णय करू पाहणाऱ्या ‘टॉप्स’ चाचणीचा शोधनिबंध ऑगस्ट २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात त्याचा परामर्श घेतला आहे.

अभ्यासाचे महत्त्व

युरोप व दक्षिण अमेरिकेतील २३ केंद्रांमध्ये ५५८ अर्भकांची सहा महिने व बारा महिने अशा दोन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. शस्त्रक्रियेचे तंत्र सर्वत्र एकच ठेवले गेले. पाचव्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेल्या वाचेचे मूल्यमापन, मूल कोणत्या गटातील आहे हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी केले. टाळूचे कार्य अपुरे असलेली मुले पहिल्या गटात २३५ पैकी २१ (८.९ टक्के), तर दुसऱ्या गटात २२६ पैकी ३४ (१५ टक्के) आढळली. जो प्रश्न प्रामुख्याने वैयक्तिक अनुभवाच्या आधारे सोडवला जात होता, तो कसोटीवर उतरवला गेला, हे या अभ्यासाचे श्रेय निर्विवाद होय.

मर्यादा

तथापि काही बाबी नजरेआड करता येत नाहीत. जोखमीचे गुणोत्तर ०.५९ असले, तरी त्याची विश्वासमर्यादा ०.३६ ते ०.९९ आहे, म्हणजे वरची मर्यादा ‘फरक नाही’ या रेषेला जवळजवळ टेकते. शिवाय ९७ मुलांच्या वाचेची नोंद उपलब्ध झाली नाही, आणि दोष आढळलेली एकूण मुले ५५ आहेत. दुसरे असे की, जबड्याच्या वाढीचे अंतिम चित्र किशोरवयातच स्पष्ट होते. विलंबाच्या बाजूने मांडला जाणारा मुख्य आक्षेप त्यामुळे पाचव्या वर्षी निकालात निघत नाही. तिसरे असे की, अभ्यास केवळ टाळू दुभंगलेल्या अर्भकांपुरता आहे. ओठ व टाळू दोन्ही दुभंगलेल्या मुलांना तो तसाच लागू करता येणार नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निष्कर्षाच्या शब्दयोजनेत आहे. प्रकृतीने सक्षम अर्भके आणि पुरेशी साधनसामग्री असलेली रुग्णालये, या दोन अटी लेखकांनी स्वतःच घातल्या आहेत. ‘सहा महिने हेच योग्य वय’ असे सूत्र करताना नेमक्या याच अटी गळून पडण्याची भीती आहे. दुभंगलेल्या टाळूमुळे ज्याला दूध ओढता येत नाही व ज्याचे वजन वाढलेले नाही, अशा बाळासाठी हे सूत्र घातक ठरू शकते.

समारोप

सक्षम बाळ, प्रशिक्षित शल्यचिकित्सक, बालभूलतज्ज्ञ व वाचोपचाराची सोय उपलब्ध असताना सहा महिन्यांचा पर्याय स्वीकारण्यास या चाचणीने सबळ आधार दिला आहे. मात्र जेथे यांपैकी एखादी गोष्ट नाही, तेथे या आकड्यांचा आधार घेऊन घाई करणे संशोधनाशी विसंगत ठरेल. आपल्याकडे हा निष्कर्ष स्वीकारताना मराठीतील महाप्राण व अनुनासिक वर्ण लक्षात घेऊन वाचामापनाची प्रमाणित साधने घडवणे हे भाषाविज्ञान व वैद्यक या दोन्ही विद्याशाखांच्या अध्यापकांपुढील संयुक्त कार्य आहे.