एव्हान्झ, वॉरन फेल्ट

(२३ डिसेंबर १८१७–४ सप्टेंबर १८८९). अमेरिकन धर्मोपदेशक आणि मानसिक उपचारपद्धतीची तात्त्विक मांडणी करणारा आद्य ग्रंथकार. विचाराच्या साहाय्याने रोगनिवारण व आत्मोन्नती साधता येते, असे प्रतिपादणाऱ्या ‘न्यू थॉट’ (नवविचार) या अमेरिकन चळवळीला त्याच्या ग्रंथांनी वैचारिक अधिष्ठान मिळवून दिले. जन्म व्हर्माँट राज्यातील रॉकिंगहॅम येथे. मिडलबरी व डार्टमथ या महाविद्यालयांत त्याने शिक्षण घेतले. परंतु पदवी मिळण्यापूर्वीच ते सोडून तो मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. १८४० मध्ये शार्लट टिंकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. न्यू इंग्लंडमधील निरनिराळ्या गावी त्याने अनेक वर्षे धर्मोपदेशकाचे काम केले. पुढे एमानुएल स्वीडनबॉर्ग (१६८८–१७७२) या स्वीडिश गूढवाद्याच्या ग्रंथांचा त्याच्यावर खोल परिणाम झाला व १८६४ च्या सुमारास मेथडिस्ट पंथ सोडून तो स्वीडनबॉर्गच्या अनुयायांच्या ‘न्यू चर्च’ या संप्रदायात गेला. उर्वरित आयुष्य त्याने रुग्णांवर मानसिक उपचार करण्यात व ग्रंथलेखनात घालविले. मॅसॅचूसेट्स राज्यातील सॉल्झबरी येथे तो मरण पावला.

एव्हान्झ या मार्गाकडे वळला तो स्वतःच्या आजारपणामुळे. दीर्घकालीन प्रकृतिअस्वास्थ्यावर गुण न आल्याने १८६३ च्या सुमारास तो मेन राज्यातील पोर्टलंड येथे फिनीअस पार्कहर्स्ट क्विंबी (१८०२–६६) या उपचारकाकडे गेला. तत्कालीन वैद्यकाची स्थिती ध्यानात घेतल्यास असे उपचार लोकांना का जवळचे वाटले, हे समजू शकते. १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करण्यात आली होती, तरी बहुतेक रोगांची कारणे अज्ञात होती आणि रक्त काढणे, पाऱ्याची संयुगे पोटात देणे यांसारखे उपाय पुष्कळदा रोगाहून अधिक अपाय करीत. क्विंबी हा मूळचा घड्याळजी. मेस्मरविद्येचे प्रयोग करीत असता, रुग्णाला गुण येतो तो औषधाने वा चुंबकीय प्रवाहाने नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या विश्वासाने, असे त्याचे मत बनले. रुग्णाजवळ बसून त्याच्या मनातील आजाराविषयीची भ्रांत समजूत दूर करणे, हीच त्याची उपचारपद्धती होती. तथापि त्याने हयातीत एकही ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. त्याचे हस्तलिखित लेखन १९२१ मध्ये प्रकाशात आले. क्विंबीचीच एक रुग्ण मेरी बेकर एडी हिचा ‘ख्रिश्चन सायन्स’ पंथाचा आधारग्रंथ १८७५ मध्ये निघाला. एव्हान्झचा या विषयावरील पहिला ग्रंथ त्याआधी सहा वर्षे प्रसिद्ध झाला होता.

मानसिक उपचारांवर त्याने सहा ग्रंथ लिहिले : द मेंटल क्यूअर (१८६९, म. शी. मानसिक उपचार), मेंटल मेडिसिन (१८७२, म. शी. मानसवैद्यक), सोल अँड बॉडी (१८७६, म. शी. आत्मा आणि शरीर), द डिव्हाइन लॉ ऑफ क्यूअर (१८८१, म. शी. रोगमुक्तीचा ईश्वरी नियम), द प्रिमिटिव्ह माइंड-क्यूअर (१८८५, म. शी. आद्य मानसोपचार) आणि एसोटेरिक ख्रिश्चॅनिटी अँड मेंटल थेराप्यूटिक्स (१८८६, म. शी. गूढ ख्रिस्ती धर्म आणि मानसोपचार). या ग्रंथांतून त्याच्या विचाराची वाटचाल क्रमाने पाहता येते.

पहिल्या ग्रंथाचा पाया स्वीडनबॉर्गचा ‘अनुरूपतेचा सिद्धांत’ हा आहे. या सिद्धांतानुसार भौतिक सृष्टीतील प्रत्येक वस्तू आध्यात्मिक सृष्टीतील एखाद्या तत्त्वाशी अनुरूप असते, उदा., हृदय हे प्रेमाशी व फुप्फुस हे बुद्धीशी. यावरून एव्हान्झने असा निष्कर्ष काढला, की शरीरातील विकृती ही मनातील विकृतीचे दृश्य रूप होय आणि मन पूर्वपदावर आले, की शरीरही येते. दुसऱ्या ग्रंथात उपचाराच्या प्रत्यक्ष तंत्राला अधिक स्थान आहे. मेस्मरविद्येतील हस्तस्पर्श, सूचनेचा प्रभाव, उपचारक व रुग्ण यांच्यातील सहानुभूतीचा संबंध यांचे त्यात विवेचन आढळते. द डिव्हाइन लॉ ऑफ क्यूअरमध्ये तो बर्क्ली, फिक्टे, शेलिंग, हेगेल प्रभृती चिद्‌वादी तत्त्वज्ञांचा आधार घेतो. शरीर हे मनाहून स्वतंत्र असे द्रव्य नसून मनातील कल्पनांचीच अभिव्यक्ती आहे, ही भूमिका येथे पूर्णत्वास पोहोचते. अखेरच्या दोन ग्रंथांवर थिऑसॉफीची छाया पडलेली दिसते. थिऑसॉफिकल सोसायटीची स्थापना १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली व १८७९ मध्ये तिचे संस्थापक मुंबईस आले. त्यांच्या साहित्यातून पसरलेल्या हिंदू व बौद्ध कल्पना एव्हान्झने ख्रिस्ती गूढवादाशी जुळवून घेतल्या. मात्र मूळ भारतीय दर्शनग्रंथांच्या पद्धतशीर अभ्यासातून हा मेळ घातला गेलेला नाही. निरनिराळ्या परंपरांतील समान वाटणारी वचने तो एकत्र आणतो आणि त्यांतील तात्त्विक भेद दुर्लक्षितो.

एव्हान्झ हा क्विंबीचा केवळ भाष्यकार होय, असे मत दीर्घकाळ रूढ होते. मेंटल मेडिसिनमध्ये क्विंबीचा गौरवपूर्ण उल्लेख आहे, हे खरे. परंतु एव्हान्झच्या सिद्धांताची चौकट स्वीडनबॉर्ग व चिद्‌वाद यांच्यापासून आलेली आहे. त्याच्या आध्यात्मिक दैनंदिनीची संपादित आवृत्ती धर्मेतिहासाच्या अभ्यासक कॅथरिन अल्बनीज यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. मेथडिस्ट पंथातील पूर्ण पावित्र्याच्या ध्यासापासून मानसोपचारापर्यंतचा त्याचा प्रवास तीवरून स्पष्ट होतो. आरोग्य हे त्याच्या दृष्टीने मुक्तीचेच शारीरिक अंग होते. त्यामुळे त्याचे ग्रंथ वैद्यकावरचे असले, तरी त्यांची प्रकृती धर्मप्रवचनाची आहे.

या प्रकृतीतच त्याच्या लेखनाचे सामर्थ्य व मर्यादा ही दोन्ही आहेत. भीती, शोक, अपराधभावना यांचा शरीरावर परिणाम होतो. उपचारकाचा शब्द, त्याचा शांतपणा व त्याच्यावरील विश्वास ही औषधाइतकीच महत्त्वाची असू शकतात. रुग्ण म्हणजे केवळ रोगाचे अधिष्ठान नव्हे, ही त्याची निरीक्षणे मोलाची आहेत. तत्कालीन वैद्यकाने त्यांची पुरेशी दखल घेतली नव्हती. परंतु मनाचा शरीरावर परिणाम होतो, या अनुभवाला पटणाऱ्या विधानावरून शरीर ही मनाचीच निर्मिती आहे, या विधानावर तो जातो. या दोन विधानांमधील अंतर त्याने युक्तिवादाने भरून काढलेले नाही. त्याची बरीचशी भिस्त अधिकारवचनांवर व उपचारांतील स्वानुभवावर आहे. आपोआप बरे होणारे रोग, चुकीचे निदान, गुण न आलेले रुग्ण यांचा काटेकोर हिशेब त्यात नाही.

द डिव्हाइन लॉ ऑफ क्यूअर निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. ज्या रोगात रुग्णाची मनोवृत्ती, आनुवंशिकता व दैव यांचा वाटा मानला जाई, त्याचे एक निश्चित बाह्य कारण त्यामुळे हाती आले. केवळ मनाच्या आधारे सर्व रोगांचा उलगडा करणाऱ्या सिद्धांतापुढील हे सर्वांत मोठे आव्हान होते. सूचनेच्या सामर्थ्याचे मोजमाप पुढे विसाव्या शतकात होऊ लागले. हेन्री बीचर याच्या १९५५ मधील निबंधामुळे निरौषधी गोळीच्या (प्लॅसिबो) परिणामास मोठे महत्त्व प्राप्त झाले. पण दोघा डॅनिश संशोधकांनी ११४ चाचण्यांचे विश्लेषण करून २००१ मध्ये दाखवून दिले, की हा परिणाम प्रामुख्याने वेदनेसारख्या रुग्णाने स्वतः सांगावयाच्या लक्षणांपुरता व तोही अल्प प्रमाणात आढळतो. एव्हान्झच्या निरीक्षणांना यामुळे अंशतः दुजोरा मिळतो. त्याच्या सिद्धांताला मात्र मिळत नाही.

अधिक गंभीर आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. रोगाचे मूळ रुग्णाच्या मनात आहे असे मानले, की बरे न होणे हा रुग्णाचाच दोष ठरतो. असाध्य रोगाने ग्रासलेल्या माणसावर दुःखाबरोबर त्या दुःखाच्या जबाबदारीचेही ओझे पडते. एव्हान्झच्या लेखनात ही कठोरता काहीशी सौम्य झालेली आहे; कारण रोगमुक्तीचा मूळ स्रोत तो व्यक्तीच्या इच्छाशक्तीत नव्हे, तर ईश्वरात पाहतो आणि उपचारकाने रुग्णाशी करुणेने वागावे, यावर भर देतो. पुढील काळात या विचारातील ईश्वरशरणता ओसरली व यशप्राप्ती पुढे आली. राल्फ वॉल्डो ट्राइन याच्या इन ट्यून विथ द इन्फिनिट (१८९७) या अत्यंत लोकप्रिय ग्रंथात ईश्वराशी ऐक्याच्या जोडीला समृद्धीचेही आश्वासन आहे. विसाव्या शतकातील आत्मसाहाय्यपर वाङ्‌मयात तर विचार हे पुष्कळदा धनप्राप्तीचे साधन बनले. त्यातून उपचारक व त्याची करुणा ही दोन्ही गळाली. वाचक आणि त्याचे पुस्तक एवढेच उरले.

या स्थित्यंतराचे बीज एव्हान्झच्या ग्रंथांतही शोधता येते. द प्रिमिटिव्ह माइंड-क्यूअर त्याने पाठांच्या रूपाने लिहिला. क्विंबीचा उपचार दोन माणसांच्या भेटीत घडत असे. एव्हान्झच्या पुस्तकांनी तो एकट्या वाचकाच्याही आवाक्यात आणला. आत्मसाहाय्यपर वाङ्‌मयाच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची ठरते. त्याची भाषा मात्र सामान्य वाचकास सुगम नाही. पारिभाषिक शब्दांची गर्दी, पुनरुक्ती व दीर्घ अवतरणे यांमुळे त्याचे ग्रंथ मागे पडले आणि सोप्या शैलीत लिहिणाऱ्या उत्तरकालीन लेखकांना लोकप्रियता लाभली. विल्यम जेम्स याने द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपीरिअन्स (१९०२) या ग्रंथात मानसोपचार चळवळीची सहानुभूतीने मीमांसा केली, तोपर्यंत तिचे नेतृत्व नव्या पिढीकडे गेले होते.

एव्हान्झने पंथ स्थापिला नाही वा अनुयायांची संघटना उभारली नाही. त्याची कीर्ती मर्यादित राहण्याचे हेही एक कारण होय. वैद्यक म्हणून त्याचे ग्रंथ प्रमाण मानता येत नाहीत. परंतु रुग्णाच्या मनाची उपेक्षा करणाऱ्या वैद्यकाबद्दलचे असमाधान आणि मनालाच सर्वस्व मानण्यातील धोका या दोन्ही गोष्टी त्यांतून सारख्याच स्पष्टपणे प्रकट होतात. म्हणूनच धर्म, वैद्यक व मानसशास्त्र यांच्या परस्परसंबंधांच्या इतिहासात त्यांचे महत्त्व टिकून आहे.