छोट्या खोलीतला खर्ज

आता स्पीकरच्या परीक्षणांकडे वळू. आमची तक्रार अशी की परीक्षक खोक्याचं वर्णन करतात, खोलीचं करत नाहीत. ‘बास दणदणीत’ हे विधान खोलीशिवाय निरर्थक आहे. हिशेबच बघा ना. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते. आणि आठ फूट रुंदीची खोली स्वतःच ७० हर्ट्झच्या आसपास घुमते! अशा खोलीत मोठा वूफर आणला, की खर्ज तानपुऱ्याचा राहत नाही, भिंतींचा होतो. गायकाचे शब्द त्यात बुडतात, ते वेगळंच.

मग फार खाली न उतरणारा छोटा स्पीकर घेतला तर खर्ज हरवतो का? नाही. इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना मोठी गंमत वाटते. मूळ कंपन क्षीण असलं, तरी त्याच्या पटीतल्या स्वरांवरून कान ते जुळवून घेतो. जवारी लावलेला तानपुरा तर अशा स्वरांनी भरलेलाच असतो. बीबीसीने सत्तरच्या दशकात प्रसारणाच्या गाडीत ऐकण्यासाठी ‘एलएस ३/५ए’ केला, तो जेमतेम फूटभर उंच. आज तो स्वस्त नाही, त्यामागचा विचार मात्र फुकट आहे.

तेव्हा बेताच्या पैशांत पाच इंची वूफरची जोडी बघा. मागे भोक असेल तर भिंतीपासून हातभर पुढे ठेवा, ट्वीटर कानाच्या पातळीवर. दुकानदार सिनेमातले स्फोट ऐकवेल, ते राहू द्या. ओळखीच्या माणसाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं लावायला सांगा. त्याला सर्दी झाल्यासारखी वाटली, तर उठा.