आंतरजालावरील ग्रंथसंग्रह व संशोधनाचें शिक्षण

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां त्याची एक प्रत हातीं लागणें हेंहि दूरच्या अभ्यासकास कठीण होतें. आज तोच खंड, तसेच रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखालीं पेशवे दप्तरांतून निघालेले ४५ भाग, इंटरनेट आर्काइव्हसारख्या आंतरजालावरील संग्रहांत घरबसल्या वाचतां येतात. खरगपूरच्या तंत्रसंस्थेनें उभारलेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ सालीं राष्ट्रार्पण झालें. विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारांत मिळतात. या सोयींचे उपकार आम्ही मोकळ्या मनानें मानतों. १९६१ चा पानशेतचा पूर व ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांस एका कागदाच्या अनेक प्रती अनेक ठिकाणीं असण्याचें मोल सांगावयास नको.

परंतु हे संग्रह विद्यार्थ्यांस संशोधन शिकविण्याचें साधन म्हणून वापरले जात आहेत, आणि त्या दृष्टीनें त्यांचें परीक्षण झालें पाहिजे. अमेरिकेंतील महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघानें २०१६ सालीं स्वीकारलेल्या आराखड्यांत सहा तत्त्वें दिलीं आहेत. ग्रंथाचें प्रामाण्य संदर्भावर अवलंबून असतें, हें त्यांपैकीं एक. तत्त्व निर्विवाद आहे. मात्र तें मराठी दप्तरास लावावयाचें तर प्रथम दप्तराची रीत ठाऊक हवी, आणि नेमकी तीच पडद्यावर शिकतां येत नाहीं.

पहिला दोष असा कीं, शब्दशोधानें विद्यार्थी थेट एखाद्या पत्राच्या मध्यावर जाऊन उतरतो. पत्र कोणाच्या दप्तरांतील, संपादकानें अस्सल पाहिलें कीं नक्कल, मिती मूळची कीं संपादकानें ठरविलेली, हें ज्या प्रस्तावनेंत, टीपांत व शुद्धिपत्रांत सांगितलेलें असतें, तीं पानें त्याच्या दृष्टीस पडतच नाहींत. राजवाड्यांच्या पहिल्या खंडाची प्रस्तावना न वाचतां त्यांतील पत्रें उद्धृत करणें म्हणजे साक्षीदाराची ओळख न विचारतां त्याची साक्ष घेणें होय.

दुसरा दोष कालगणनेचा. पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा सन असला, तर तो ११६१ होय, आणि हा सुहूर सन आहे. त्यांत ५९९ वा ६०० मिळविले म्हणजे इ. स. १७६०-६१ हें वर्ष, अर्थात् पानिपतचें वर्ष, निघतें. परंतु हा आंकडा हिजरी समजून आंतरजालावरील तयार परिवर्तकांत घातला, तर उत्तर १७४८ येतें. बारा वर्षांच्या या फरकानें पानिपतच्या मोहिमेंतील पत्र शाहू महाराजांच्या हयातींत जाऊन पडतें! यंत्राचें गणित बरोबर असतें. चूक प्रश्नांत असते. प्रश्न विचारावयास शिकविणें हें गुरूचें काम आहे.

तिसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजी छापील अक्षर यंत्रास चांगलें वाचतां येतें. जुन्या देवनागरी छपाईंत तें वारंवार चुकतें, आणि मोडी हस्तलिखितांच्या छायाचित्रांतील मजकूर तर शब्दशोधास बहुधा सांपडतच नाहीं. परिणामीं १८२६ सालचा ग्रँट डफचा ग्रंथ चटकन् पुढें येतो व शिवजन्माचें १६२७ हें वर्ष विद्यार्थ्याच्या हातीं पडतें. टिळकांनीं १९१६ सालीं उजेडांत आणलेल्या जेधे शकावलींतील शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही मिती मागें राहते. जें सहज सांपडतें तेंच प्रमाण, अशी संवय एकदां जडली म्हणजे ती पुढें मोडत नाहीं. न सांपडलेलें साधन अस्तित्वांतच नाहीं, असें मानणारा संशोधक नव्या कागदाच्या शोधास कशाला निघेल? ज्यांच्या घरीं अद्याप रुमाल बांधून ठेवलेले आहेत, त्यांनीं या प्रश्नाचा विचार करावा.

तेव्हां हे संग्रह टाकून द्यावे असें आमचें म्हणणें नाहीं. विद्यार्थ्यानें प्रत्येक उताऱ्याखालीं मूळ कागद कोठें आहे, कोणीं वाचला, कोणत्या आवृत्तींतून घेतला व मिती कशी ठरविली, या चार गोष्टी लिहाव्या. ज्याचें उत्तर नसेल तेथें जागा कोरी सोडावी. ती कोरी जागाच त्यास दप्तराकडे नेईल. तसेंच वर्षांतून निदान एक मोडी बंद त्यानें स्वहस्तें उतरून घ्यावा व जाणत्याकडून तपासून घ्यावा. संग्राहकांनींहि आपल्या कागदांचीं छायाचित्रें देतांना रुमालाचा क्रमांक, घराण्याचें नांव व पाठपोट दोन्ही बाजू यांवांचून तीं देऊं नयेत. मोडी लिपीस २०१४ सालीं युनिकोडमध्यें स्थान मिळालें आहे. यंत्र उद्यां मोडी वाचूंहि लागेल. त्या दिवशीं यंत्राचें वाचन बरोबर कीं चूक, हें सांगणारा मनुष्य आपल्याकडे असला पाहिजे, आणि तो आजच तयार करावा लागेल.