पगार, हौस आणि निष्काम कर्म

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, पगार घेणारा माणूस निष्काम कर्म करू शकतो का? उत्तरासाठी आपण जरा आडवाट घेऊ. ईशान्य इंग्लंडातल्या फुटबॉलकडे जाऊ.

तिथली नॉर्दर्न लीग १८८९ सालची. जगात तिच्याहून जुनी एकच, फुटबॉल लीग, तीही एका वर्षानं. मुलूख कोळशाच्या खाणींचा. दीर्घकाळ ही लीग हौशी खेळाडूंची म्हणून ओळखली गेली. हौशी म्हणजे खेळाचे पैसे न घेणारा. ऐकायला किती उदात्त! पण हा नियम परवडत कोणाला होता? ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला. खाणकामगाराची एक पाळी बुडाली की मजुरी गेलीच.

वेस्ट ऑकलंड हा या लीगमधला खाणगावचा संघ. १९०९ मध्ये इटलीत तुरिनला जाऊन त्यांनी लिप्टन चषक जिंकला. १९११ मध्ये पुन्हा जिंकला, तोही युव्हेंटसला ६-१ असं हरवून. ‘पहिला विश्वचषक’ म्हणून ही गोष्ट मिटक्या मारत सांगतात. (विश्वचषक कसला, निमंत्रित संघांची स्पर्धा होती ती. असो.) पुढचं मात्र घाईत उरकतात. प्रवासाच्या खर्चानं क्लब कर्जात बुडाला आणि तो चषक गावातल्या हॉटेलच्या मालकिणीकडे ४० पौंडांना गहाण पडला. सोडवायला १९६० साल उजाडलं. म्हणजे बघा, हौशीपणाची किंमत कोणीतरी मोजत होतंच.

इंग्लंडात पुढे पुढे तर हौशी खेळाडूच्या बुटात गुपचूप पैसे ठेवायची रीतच पडली. सगळ्यांना ठाऊक, बोलायचं कोणी नाही. अखेर १९७४ मध्ये फुटबॉल असोसिएशननं हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला. आज या लीगमधला खेळाडू दिवसा नोकरी करतो, संध्याकाळी सराव करतो, खेळाचे थोडेफार पैसे उघडपणे घेतो. त्याला अर्धव्यावसायिक म्हणतात. लोकांना त्या ‘अर्ध’मध्ये कमीपणा दिसतो. आम्हाला जुन्या ‘हौशी’पेक्षा तो शब्द प्रामाणिक वाटतो.

गीतेनं फळाची आसक्ती सोडायला सांगितलं, मजुरी सोडायला नव्हे. आपण दोहोंची गल्लत केली, आणि ती काहींच्या फार सोयीची होती. आपल्याकडे हौशी नाटकातल्या नटानं मानधनाचा विषय काढून पाहावा. त्याचं कलेवरचं प्रेमच संशयात येतं.

तेव्हा त्या श्रोत्यांना आमचं उत्तर ‘हो’ असंच आहे. मग आसक्ती ओळखायची कशी, ते पुढच्या वेळी घेऊ.