नावांचा अध्याय

संत पौलाचे रोमकरांस लिहिलेले पत्र वाचताना आपण बहुधा पंधराव्या अध्यायाच्या अखेरीस थांबतो. पुढे येते ती नावांची यादी, आणि यादी म्हटली की वाचकाची नजर आपोआप खाली घसरते. आम्हीही अनेक वर्षे तसेच केले, हे प्रारंभीच कबूल करावयास हवे. श्रद्धा, कृपा, तारण यांवर एवढे गहन विवेचन केल्यानंतर पौलाने अमक्यातमक्याला सलाम का सांगत बसावे, असे वाटे. आता मात्र वाटते की, हा सोळावा अध्याय नसता तर बाराव्या अध्यायातील उपदेश हवेतच राहिला असता. तेथे पौलाने आदर दाखविण्यात एकमेकांच्या पुढे जावे असे सांगितले. येथे तो स्वतः ते करून दाखवितो.

हे पत्र इ. स. 57 च्या सुमारास करिंथहून लिहिले गेले. रोम शहर पौलाने तोवर पाहिलेही नव्हते. तरी तेथील 24 जणांना तो नावानिशी सलाम पाठवितो. शिवाय दोघी बिननावाच्या आहेत : निरियसची बहीण आणि रूफसची आई. या माउलीला पौल आपलीही आई म्हणतो. तिने त्याच्यासाठी काय केले असेल? आजारपणात कपाळावर हात ठेवला असेल, की ताटात भाकर वाढली असेल? तो सांगत नाही. पण त्या एका शब्दामागे एक अख्खे घर उभे राहते.

पौलाची प्रशंसा मोघम नाही, हा या अध्यायाचा खरा वाङ्मयीन गुण होय. प्रिस्का व अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला, आणि या जोडप्यात तो पत्नीचे नाव आधी घेतो. अँद्रोनिकस व युनिया त्याच्याबरोबर तुरुंगात होते आणि त्याच्याआधीच ख्रिस्ताचे झाले होते. मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस या चार स्त्रियांविषयी तो 'श्रम केले' असे क्रियापद वापरतो. स्वतःच्या प्रेषितकार्याविषयी लिहितानाही तो हेच क्रियापद योजतो. या अध्यायात मात्र ते एकाही पुरुषाच्या वाट्याला आलेले नाही. (त्रुफैना व त्रुफोसा या नावांचा अर्थ नाजूक, सुकुमार असा आहे. सुकुमार बायांनी घाम गाळला, हे लिहिताना पौलाच्या ओठांवर हसू आले असावे.) चौदाव्या-पंधराव्या वचनांत मात्र नुसतीच नावे उरतात. ओळख तेथे विरळ झाली असावी. उगाच विशेषणे चिकटविण्याचे त्याने टाळले, हेही आम्हांस आवडले.

आणखी एक बारकावा आहे. 'मी सलाम पाठवितो' असे पौल म्हणत नाही. 'तुम्ही त्यांना सलाम सांगा' असे म्हणतो. रोममधील श्रद्धावंत निरनिराळ्या घरांत जमत. यहुदी व परराष्ट्रीय यांच्यात खाण्यापिण्यावरून धुसफूस होती, हे चौदाव्या अध्यायावरून दिसतेच. यादीत पौलाचे यहुदी जातभाई आहेत, आणि ज्यांची नावे दासांची वाटतात असेही आहेत. म्हणजे सलाम पोहोचवायचा तर अबोला धरलेल्या घराची पायरी चढणे आले.

इतिहासाने या नावांना तोच मान दिला, असे म्हणवत नाही. चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तमने युनियेला स्त्री मानून तिच्या प्रेषितपणाची स्तुती केली. पुढे कित्येकांनी तिचा पुरुष करून टाकला. नेस्ले यांच्या ग्रीक संहितेत 1927 पासून ते नाव पुल्लिंगी छापले जाई. 1998 साली ते पुन्हा स्त्रीलिंगी झाले. आपल्या उपासनेतील वाचनांविषयीही आमची तक्रार आहे. सामान्यकाळाच्या 31 व्या आठवड्यातील शनिवारी, विषम वर्षी, या अध्यायाचे वाचन होते. ते तिसऱ्या वचनापासून सुरू होते. त्यामुळे किंख्रियाच्या मंडळीची सेविका आणि अनेकांची आधारकर्ती म्हणून पौल जिची शिफारस करतो, आणि जिने बहुधा हे पत्रच रोमला नेले, ती फिबी वगळली जाते. दहा ते पंधरा ही वचनेही गळतात. म्हणजे पर्सिस गेली, रूफसची आई गेली. वाचन थोडे लांबले असते, एवढेच.

पण वाचनग्रंथाला बोल लावण्याआधी आपल्याच धर्मग्रामांच्या स्मरणिका पाहाव्यात. अलीकडेच एका रौप्यमहोत्सवाची स्मरणिका आमच्या हाती आली. देणगीदारांची नावे रकमांसह तीन पाने भरून होती. वेदीची वस्त्रे वर्षानुवर्षे धुऊन इस्त्री करणाऱ्या बाई एका समूहछायाचित्रात दिसल्या. खाली लिहिले होते : 'व इतर'.

पौलाच्या यादीच्या शेवटी नगराचा खजिनदार एरास्त आहे, आणि त्याच वाक्यात क्वार्तुस आहे. क्वार्तुस म्हणजे 'चौथा'. त्याला हुद्दा नाही. तो फक्त 'बंधू' आहे. त्याच्या थोडे आधी 'तिसरा' येतो, तो तर्तियस, पत्राचा लेखनिक. पौल सांगत होता, तो उतरून घेत होता. मध्येच त्याने स्वतःच्या नावाने रोमकरांना सलाम लिहिला, आणि पौलाने ती ओळ राहू दिली.